उठून बसणारा पेशंट

मोटरसायकलवरून तोंडावर आपटून जबड्याचा चुरा झालेला पेशंट सारखा उठून बसत होता आणि मोठे सर्जन त्याला सारखे आडवे पाडत होते. आडवा झाला की तो निळा पडायचा. भूल देणाऱ्या बाईंचं डोकंच फिरलं.

"अहो सर, वाकून बसलाय म्हणून रक्त बाहेर गळतंय, नाहीतर घशात जाऊन तो गुदमरेल! त्याला कळतं ते तुम्हाला कळत नाही?"

सर्जननी गुपचूप, त्याला बसलेलाच ठेवून, गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घातली. मग आठवडाभर "मी वाचवला" म्हणत मिरवले.

राउंडला त्यांनी बाईंसमोरच पेशंटला ऐटीत विचारलं, "काय, कसं वाटतंय?"

नळीमुळे बोलता न येणाऱ्या पेशंटनं पाटीवर लिहिलं, "सर, आता झोपू का?"

बाई हसू दाबायला खोकत बाहेर पळाल्या.