कुठल्या कानांसाठी

दंतवैद्याच्या अॅम्प्लिफायरचं बटण तुटलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. बटण जुन्या घडणीचं, कुठे मिळेना, म्हणून कुणीतरी त्याला टर्नरकडे पाठवलं. टर्नरला निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. कारखान्यात त्याला सगळे ‘दोनसूत’ म्हणत, कारण कुठलीही वस्तू कुठेही ठेवा, ती दोन सूत इकडे किंवा दोन सूत तिकडे हवी होती असं त्याचं म्हणणं असायचं. एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्याने अॅल्युमिनियमचं बटण कातलं, बसवून देतो म्हणून दंतवैद्याच्या घरी गेला आणि दोन तास परत आलाच नाही.

आल्यावर हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग बायकोला म्हणाला, “खोलीच्या मधोमध एक बाई गात उभी होती. डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे एक, आणि ही मध्ये. मी उठून हात फिरवून पाहिला. कुणी नव्हतं.”

स्पीकर जमिनीवर उभे होते, त्याच्या छातीला लागतील एवढे उंच. तसेच आपल्याला हवेत, एवढं बोलून तो पेपर वाचायला लागला.

त्याच्या बायकोच्या मनात पहिला विचार आला तो चपलांच्या कपाटाचा. एवढी दोन धुडं आली तर ते जायचं कुठे? पण दुसरा विचार तिला सोडेना. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिने तीस वर्षं काढली होती. तिथले डॉक्टर, नर्स, अगदी नातेवाईकसुद्धा तिला ऑपरेटरबाईच म्हणत. समोरच्याने ‘हॅलो’ पुरतं म्हणायच्या आत माणूस कोण, घाबरलाय की चिडलाय, हे तिला कळायचं. आवाज हाच तिचा धंदा. पण तिचे सगळे आवाज कानाला चिकटलेले, चपटे, तारेतून आलेले. खोलीत उभा राहणारा आवाज तिने ऐकला नव्हता. शनिवारी तिनेच विषय काढला की बघायला तर जाऊ, बघायला काय जातंय.

दुकान एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार स्थूल, हळू बोलणारा, आणि गालिचा मळू नये म्हणून स्वतःच्या दुकानात अनवाणी फिरणारा. त्याने दोघांना एका सोफ्यावर बसवलं आणि एकच गाणं चार जोड्यांवर लावून दाखवलं. गाणाऱ्या बाईबरोबर एक व्हायोलिन आणि मागे हलकेच वाजणारी झांज, बस.

पहिल्याच जोडीवर ऑपरेटरबाईंच्या अंगावर काटा आला. गायिका खरंच मध्ये उभी होती. नुसती उभी नव्हती, ओळ संपली की तोंड किंचित बाजूला करून श्वास घेत होती. हे तिने नवऱ्याला हळूच सांगितलं, तर त्याने मान हलवली, पण ती ‘हो’ची की ‘असेल’ची ते कळलं नाही.

दुसरी जोडी तिला सगळ्यांत आवडली. तिसऱ्या जोडीवर मात्र गायिकेचा प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचायला लागला. तिने कपाळाला आठी घातली आणि शेजारी पाहिलं, तर नवरा सोफ्याच्या कडेला येऊन बसला होता, तोंड थोडं उघडं, डोळे चमकताहेत.

“हे,” तो म्हणाला. “बाकीच्यांवर गोधडी टाकलीय.”

ती म्हणाली की हे टोचतंय. तो म्हणाला की टोचत नाही, स्वच्छ आहे. दुकानदार दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं नाही हे तो धंद्यात शिकला असावा. त्याने सुचवलं की दुकानात ऐकणं वेगळं आणि घरात राहणं वेगळं, तेव्हा आधी कुणाच्या घरी जाऊन बघा. तिसरी जोडी वापरणाऱ्या एका गिऱ्हाईकाला त्याने तिथूनच फोन लावला.

ते गिऱ्हाईक म्हणजे चित्रकला शिकवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका निघाल्या. एकट्या राहत होत्या. स्पीकरवर त्यांनी सुती टॉवेल पसरले होते, कारण मांजर वर चढून बसायचं आणि नखांनी लाकूड ओरखडायचं. त्यांनी हातचं काही न राखता सांगितलं. पहिले सहा महिने त्या पस्तावल्या होत्या. स्पीकर कोपऱ्यांत ठेवले तर नुसती घुमघुम, कपाटातल्या बश्या थरथरायच्या. भिंतीपासून पुढे ओढले तर घुमणं गेलं, पण आवाज काचेसारखा झाला. मग जाड पडदे आले, गालिचा आला, पुस्तकांची मांडणी या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली.

“मी स्पीकर घेतले असं लोकांना वाटतं,” शिक्षिका म्हणाल्या. “खरं तर त्यांनी माझं घर घेतलं.”

ऑपरेटरबाईंना त्या फार आवडल्या. परतताना नवऱ्याला विचारलं की मग आता काय, तर तो म्हणाला, तिसरीच. तिने वाद घातला नाही. हौस त्याची होती, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाने वस्तू कातलेल्या माणसाने एक वस्तू स्वतःच्या मापाने घेतली तर घेऊ दे, असं तिला वाटलं.

स्पीकर आले. चपलांचं कपाट बाल्कनीत गेलं. पहिल्या दिवशी जे घुमायला लागलं ते ऐकून तिला शिक्षिकेच्या बश्या आठवल्या. पण दोनसूत आता आपल्या मुलखात आला होता. त्याने खोलीचा नकाशा काढला, फरशीवर खडूने रेघा मारल्या, स्पिरिट लेव्हल लावून दोन्ही स्पीकर सरळ उभे केले, आणि बायकोला खुर्चीत बसवून एकेक स्पीकर चिमटीएवढा सरकवायला लागला. तिने फक्त सांगायचं, बरं की वाईट. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी गायिका खडूच्या रेघांच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि घुमणं थांबलं. तिलाच आश्चर्य वाटलं, की आपण स्वयंपाकघरात भाजी टाकून आलोय हेसुद्धा विसरून ऐकत होतो.

दुकानदाराने एक चाचणीची तबकडी दिली होती. दोन्ही बाजू सारख्या वाजतात का हे बघायला तीत एक माणूस संथपणे सुटे शब्द वाचत होता. शब्द ऐकायचा आणि मोठ्याने म्हणायचा, असा त्या दोघांनी खेळ केला.

“साठ,” स्पीकर म्हणाला.

“आठ,” नवरा म्हणाला.

“सात.”

“हात.”

“फार.”

“पार.”

सुरुवातीला तिला वाटलं तो चेष्टा करतोय. मग ती हसायची थांबली. या चुका तिच्या ओळखीच्या होत्या. लांबच्या गावाहून येणाऱ्या खराब लाइनवर लोक नेमके असेच चुकायचे. ‘स’ आणि ‘फ’ तारेत कुठेतरी गळून पडायचे आणि उरलेल्या शब्दावरून समोरचा अंदाज बांधायचा. ‘वॉर्ड साठ’ मागितला की ‘वॉर्ड आठ’ला जोडून द्यायची चूक तिने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात केली होती, आणि नंतर कधीच केली नव्हती.

तिने तबकडी थांबवली. कागद घेतला, नवऱ्याला पाठ करून बसवलं आणि बोर्डावर बोलायची तशा सपाट आवाजात स्वतः शब्द म्हणायला लागली. चाळीस शब्द. तो म्हणेल ते शेजारी लिहीत गेली. तेरा चुकले, आणि त्या तेराही शब्दांच्या तोंडी स, श किंवा फ होता.

चुकलेले शब्द तिने पुन्हा एकदा वाचून काढले. किती वर्षं आपण म्हणत आलो की हे ऐकत नाहीत, यांचं लक्ष नसतं. मुलीला फोनवर सांगत आलो की तुझ्या बाबांपुढे बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. लाइन खराब असली की परक्या माणसाला तीन-तीनदा न चिडता सांगायचं, आणि घरी दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की आवाज चढवायचा.

“काय निघालं?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“तुमच्या कानांची लाइन खराब आहे,” ती म्हणाली.

तो वळला. कागद हातात घेऊन त्याने रकाने वरपासून खालपर्यंत वाचले, एखाद्या नापास झालेल्या नगाचं माप वाचावं तसे. तो दुखावेल, चिडेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याने विचारलं ते वेगळंच.

“मग मला काय काय ऐकू येत नाही, त्याची यादी कर ना.”

तिने प्रयत्न केला. गायिकेचा श्वास. झांज. गाण्याच्या शेवटी कुणाची तरी खुर्ची करकरते ती. खिडकीबाहेरचे बारके पक्षी. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता आणि ती कशी असते ते विचारत होता. झांज कशी असते हे सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले.

पुढच्या आठवड्यात ती त्याला घेऊन आपल्याच जुन्या इस्पितळात गेली. कान तपासणाऱ्या मुलीने त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि नंतर आलेख दाखवला. रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालत गेली होती आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली. यंत्रांच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचं असंच होतं, ती म्हणाली, एकदम होत नाही म्हणून कळतही नाही. त्याने आलेखाची एक प्रत मागून घेतली.

दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं बसवून घरी आला तो दिवस ऑपरेटरबाई विसरणार नाहीत. दारातच थांबून त्याने तिच्या चपलांकडे पाहिलं, कारण त्या वाजत होत्या. मग पिशवी वाजली, नळ वाजला, पेपरची घडी वाजली. प्रत्येकाकडे तो असा बघे की जणू ती वस्तू आजच घरात आणलीय. मग खुर्चीत नीट बसला आणि म्हणाला, लाव.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला त्याने डोळे घट्ट मिटले. दुसऱ्या ओळीला खांदे वर घेतले.

“ही एवढी फुसफुसते कधीपासून?” त्याने विचारलं.

ती हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य जिभेवर आलं होतं, ते तिने तसंच गिळलं.

दुकानदाराने फोनवर सांगितलं की घाई करू नका, कानांना सवय होऊ दे. तीन आठवडे झाले. सवय थोडी झाली, पण ‘स’ टोचायचा थांबला नाही. शेवटी जोडी बदलून मिळेल का बघायला दोघं पुन्हा दुकानात जाऊन त्या सोफ्यावर बसली. आता यंत्रं घालून दुसरी जोडी त्याला सुरेख लागली. ती म्हणाली होती तशीच. पण तो पक्का माणूस. त्याने यंत्रं काढून खिशात ठेवली आणि पुन्हा ऐकलं. गोधडी परत आली.

“यंत्रं दिवसभर घालवत नाहीत,” तो दुकानदाराला म्हणाला. “संध्याकाळी डोकं दुखतं, मी काढून ठेवतो. आता कुठल्या कानांसाठी घेऊ?”

दुकानदाराने डोकं खाजवलं. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने त्या चौथ्याही जोडीवर गाणं लावून पाहिलं, काही जमेना. मग तो उठला आणि दुकानातल्या तिसऱ्या जोडीची तोंडं, जी सोफ्याकडे रोखलेली होती, ती थोडी बाहेरच्या बाजूला वळवली. वरचा, बारीक आवाज सरळ रेषेत जातो, तो म्हणाला. तोंड बाजूला केलं की टोचणं कमी होतं. टर्नरने यंत्रं घातली, ऐकलं. काढली, तोंडं आत वळवायला लावली, पुन्हा ऐकलं. आणि ऑपरेटरबाईंना त्याच्या चेहऱ्यावर जुनी, कारखान्यातली खूण दिसली. काम सापडलं होतं.

पुढचे दहा दिवस तो जेवायलाही धड घरी नव्हता. वर्कशॉपमध्ये त्याने पितळेच्या चार जाड चकत्या कातल्या, दोन-दोनच्या मध्ये पोलादी गोळ्या बसवल्या आणि त्यांवर स्पीकर उभे केले. एका बोटाने ढकललं की एवढं जड धूड आवाज न करता वळायचं. कडेला दोन बारीक रेघा कोरल्या होत्या. एक यंत्रं घातल्यावरची, एक काढल्यावरची. दुकानदार बघायला आला, गुडघ्यांवर बसून चकती फिरवत राहिला, आणि जाताना आणखी दोन जोड्यांसाठी विचारून गेला. चित्रकलेच्या बाईंनीही एक जोडी मागितली, पण त्यांना ती मांजराच्या वजनासकट फिरणारी हवी होती.

आता दुपारी तो यंत्रं घालून ऐकतो, संध्याकाळी यंत्रांविना, आणि दोन्हीत काय फरक पडला ते तिला सांगतो. ती खोलीच्या पलीकडून बोलायची झाली तर आधी त्याच्या समोर येते. कधी विसरते, मग तो “लाइन” एवढंच म्हणतो आणि ती जवळ येऊन पुन्हा सांगते.

तो घरी नसला की ती स्वतः गाणं लावते, हे तिने बरेच दिवस सांगितलं नव्हतं. त्या दोन रेघांपैकी एकही तिच्या कानांना बरोबर नव्हती. हळूहळू बोटाने सरकवत तिने आपली जागा शोधली, दोन्ही रेघांच्या मध्ये कुठेतरी, आणि ती सापडली की तिथे पेन्सिलने टिंब करून ठेवलं. गाणं संपलं की स्पीकर पुन्हा त्याच्या रेघेवर.

एकदा बाजारातून परतली तर तो फरशीवर आडवा पडून चकतीला डोळा लावून होता. टिंब त्याला दिसलं होतं. ती पिशवी हातात धरून उभी राहिली. त्याने पट्टीने ते दोन्ही बाजूंनी मोजलं आणि वहीत आकडा लिहून घेतला. रविवारी चकत्या उचलून वर्कशॉपमध्ये नेल्या. परत आणल्या तेव्हा टिंबाच्या जागी तिसरी रेघ होती, बाकी दोघींएवढीच खोल आणि तेवढीच सरळ.