ताक्योच्या झोपेचा करारनामा

लिपा शहरातल्या लोकांना पहाटे पाचला गरम पांदेसाल लागतात. ते पाव कोण भाजतं आणि तो माणूस झोपतो कधी, याचा विचार कुणी करत नाही. ताक्यो रात्री एकला बेकरीत जायचा, सकाळी आठला घरी यायचा, सुकी मासळी आणि भात खाऊन जो आडवा व्हायचा तो दुपारी तीनपर्यंत. एकोणीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग शेजारच्या खोलीत गोर्यो राहायला आला. जहाजाच्या इंजिनघरात अकरा वर्षं काढून आलेला, तिशीतला, दिलखुलास माणूस. सोबत गरोदर बायको नेलिया आणि गाण्याचं एक यंत्र, ज्याचे दोन कर्णे कपाटाएवढे होते. पडद्यावर शब्द यायचे, गोर्यो ते माईकमध्ये ओरडायचा आणि गाणं संपलं की यंत्र तुतारी वाजवून गुण द्यायचं. गोर्योला नव्वदच्या खाली कधी मिळाले नाहीत. असल्या यंत्रानं आजवर कुणाला नापास केल्याचं ऐकिवात नाही. दोन घरांच्या मध्ये प्लायवूडची एक फळी होती. नऊ वाजता गाणं सुरू व्हायचं, तेव्हा ती ताक्योच्या उशाशी थरथरायची.

तीन महिन्यांत ताक्यो दोनदा भट्टीसमोर उभ्याउभ्या झोपला. दोन खेपा कोळसा झाल्या. बेकरीची मालकीण आलिंग पुरिंग हिनं आरडाओरडा केला नाही, हीच वाईट खूण होती. "ताक्यो, तू चांगला माणूस आहेस," ती म्हणाली, "पण तिसऱ्यांदा जळले तर पुन्हा येऊ नकोस." सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय येत होतं त्याला?

म्हणून तो वस्तीच्या कचेरीत गेला. तिथला प्रमुख काप इस्को पंख्यासमोर शर्ट उघडा टाकून बसला होता.

"रात्री दहानंतर गातो का तो?"

"नाही, काप. दिवसा गातो."

"मग माझ्याकडे कशाला आलास? दिवसा गाणं म्हणजे काय गुन्हा आहे? मीही गातो."

"मी दिवसा झोपतो, काप."

काप इस्कोनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चूक कुणाची ते आता उघड झालं. पण निवडणूक जवळ आली होती. "बरं, वहीत लिहून ठेव. दोघांना समोरासमोर बसवतो. तोवर घरच्या घरी मिटलं तर बघ."

घरच्या घरी मिटवायचं काम ताक्योच्या बायकोनं, इसिंगनं, हातात घेतलं. शेजाऱ्याला तोंडावर बोलणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. आपल्यात असं काही ऐकवायचं तर भलत्यालाच ऐकवतात. ती अंगणात धुणं वाळत घालायला गेली आणि कोंबड्यावर तोंड सोडलं. "मेल्या, किती बोंबलशील! माणसं झोपतात इथं, काही लाजलज्जा?" आवाज असा लावला की तिसऱ्या गल्लीतल्या बाईनंही खिडकी मिटली.

गोर्योनं कुंपणावरून डोकं काढलं. थोरली बहीण म्हणून तो इसिंगला आते आणि थोरला भाऊ म्हणून ताक्योला कुया म्हणायचा. "खरंय हो, आते! त्या कोंबड्यानं मलाही वीट आणलाय. थांबा, कुयाला त्याचा त्रास व्हायला नको." आणि कोंबडा ऐकू येऊ नये म्हणून त्यानं कर्ण्यांचा आवाज आणखी वाढवला.

शेवटी ताक्यो स्वतः निघाला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून सकाळी बेकरीतून येताना वीस गरम पांदेसाल पिशवीत घेतले. वाटेत वाक्य घोकत होता. 'गोर्यो, राग मानू नकोस, पण.' पणच्या पुढचं अजून ठरत नव्हतं.

दार गोर्योनंच उघडलं. त्याच्या खांद्यावर सहा आठवड्यांचं पोर होतं. पिशवीतली ऊब हाताला लागली आणि हा धिप्पाड माणूस रडायलाच लागला.

"कुया, या गल्लीत येऊन तीन महिने झाले. कुणी दारात पाऊल ठेवलं नाही. तुम्ही पहिले."

"गोर्यो, मी काय म्हणत होतो..."

"काही म्हणू नका! बसा." त्यानं रमचा पेला पुढे केला. "मला ठाऊक आहे, दिवसभर तुम्ही भिंतीला लागून पडलेले असता. नेलिया म्हणते, कुया एक गाणं चुकवत नाहीत. अकरा वर्षं मी इंजिनच्या खडखडाटात गायलो. माझं मलाच ऐकू यायचं नाही. कुया, माझ्या पोराचे निनोंग व्हाल?"

बारशाचा धर्मपिता व्हायला नाही म्हटलं तर अपशकुन पोराला लागतो. हे ताक्योला ठाऊक होतं, नेलियाला ठाऊक होतं आणि खांद्यावरच्या पोराला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ताक्योनं पेला संपवला आणि हो म्हटलं.

"बोललास का?" इसिंगनं दारातच विचारलं.

"बोललो."

"मग?"

"महिनाअखेरच्या रविवारी निनोंग आहे मी."

इसिंग ओट्यावर बसली. "म्हणजे आता तो तुझा पारे, पोराच्या नात्यानं सोयरा. पारेची तक्रार करतात का कुणी?"

करत नाहीत. पण तक्रार तर आधीच वहीत बसली होती, आणि वहीला नातंगोतं कळत नाही. गुरुवारी कचेरीचा शिपाई गोर्योच्या हातात समन्स देऊन गेला. तक्रारदार म्हणून ताक्योचं पूर्ण नाव होतं, ते नाव जे फक्त बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आणि थडग्यावर लिहितात.

सुनावणीला गोर्यो इस्त्रीचा शर्ट घालून आला. काप इस्को आणि तीन पंच समोर बसले होते. गोर्यो त्यांच्याकडे बघतच नव्हता.

"पारे, कागद कशाला पाठवलास? भिंत प्लायवूडची आहे. एकदा टकटक केली असतीस तर त्याच दिवशी थांबलो असतो."

ताक्योला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. नव्वद दिवस तो जागा राहिला, नोकरी पणाला लावली, इसिंगनं कोंबड्याचे वाभाडे काढले, आणि औषध होतं एक टकटक. गोर्योनं मुकाट्यानं करारावर सही केली: सकाळी आठ ते दुपारी तीन आपण गाणार नाही. वर शिक्का बसला.

बारसं त्यातच उरकलं. मिरवायला भाजलेलं डुक्कर होतं, नूडल्स होत्या, पण गाणं नव्हतं. गल्लीनं असलं बारसं पाहिलं नव्हतं. लोक प्लेट घेऊन ताक्योपासून दोन हात लांब बसले. गोर्यो मात्र त्याला वाढत राहिला, तेच ताक्योला अधिक लागलं.

सोमवारी सकाळी ताक्यो स्वच्छ शांततेत आडवा झाला. नऊ वाजले आणि भिंतीपलीकडे पोरानं भोकाड पसरलं. ते पोटात असल्यापासून नऊच्या ठोक्याला बापाचं गाणं ऐकत आलं होतं. करारानंतर काही दिवस नेलिया त्याला माहेरी घेऊन गेली होती, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नेलियानं रेडिओ लावला, झोळी हलवली, पाठ थोपटली. पोर फसलं नाही. तीनपर्यंत रडलं. मंगळवारीही रडलं. रात्री बेकरीत ताक्योनं स्वतःला दोनदा चिमटा काढला म्हणून पाव वाचले.

बुधवारी त्यानं शेजारचं दार ठोठावलं. या वेळी पिशवी नाही, घोकंपट्टी नाही. "पारे, तुझ्या पाया पडतो, गा."

"सही केलीय, पारे."

"मी तक्रार मागे घेतो."

दोघं कचेरीत गेले. काप इस्कोनं वही उलटली, बोटांवर दिवस मोजले. "दहा दिवसांत आला असतात तर करार फाडला असता. आज बारावा. आता तो कोर्टाच्या निकालासारखा पक्का झाला. गोर्यो गायला तर मला कारवाई करावी लागेल." मग त्याला दया आली असावी. "अर्थात, गाणार नाही अशी सही एकट्या गोर्योची आहे."

ताक्यो आयुष्यात कधी गायला नव्हता. चर्चमध्येही तो नुसते ओठ हलवायचा. नऊ वाजता गोर्योनं त्याच्या हातात माईक दिला, यंत्र लावलं आणि पोराला झोळीत ठेवलं. ताक्योच्या गळ्यातून जे निघालं त्याला गाणं म्हणायचं तर मन मोठं हवं. यंत्रानं त्याला सत्त्याऐंशी दिले. समोरच्या दोन घरांची दारं धाडकन लागली.

दुसऱ्या गाण्याला पोर हुंदके देत शांत झालं. तिसऱ्याला झोपलं. ताक्यो थांबला, तसे झोळीतले ओठ थरथरले. त्यानं घाईनं चौथं लावलं. रात्र रात्र जागलेली नेलिया बाजल्यावर लवंडली. गोर्यो खुर्चीत मान टाकून घोरायला लागला. खोलीत एकटा ताक्यो जागा होता. डोळे जळत होते, भट्टी पेटायला सोळा तास होते आणि त्यातले सहा गायचे होते.

"पुढचं लांबडं लाव, पारे," गोर्यो झोपेतच पुटपुटला.

ताक्योनं यादीतलं सगळ्यात लांब गाणं शोधलं आणि माईक तोंडाजवळ नेला.