डावा पाय

"हात काढा, आत्याबाई!" राखीने सासूचं मनगट धरलं.

पंचफुलाबाईंनी तेलाची बाटली पदराखाली सरकवली, पण नातीच्या मांडीवरचा हात उचलला नाही. वाशिमचा दवाखाना असला म्हणून काय झालं? किन्हीराजा गावात कोणाचा पाय मुरगळला की माणूस आधी त्यांच्याच ओसरीवर येई. निकिताचा सुजलेला पायही त्यांनी दोन दिवस चोळला होता. सूज मांडीपर्यंत चढली, तेव्हा राखीने पोरीला उचलून सरळ एसटीत घातलं.

"शिरेत रक्ताची गुठळी हाय म्हनते डाक्तरीनबाई. चोळली अन् सुटून छातीत गेली त?"

"मले शिकवून राह्यली? तुह्या जन्माआधीपासून पाय चोळतो मी. आमच्या घरात नाई कोणाले गुठळ्या. तुह्या माहेरचंच रक्त तसं."

"आजी, भांडता तुमी," निकिता कण्हली, "अन् दुखून राह्यलं मले."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. इंजेक्शनांनी सूज उतरू लागली होती. पाय पाहून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचा पाय असा सुजला होता? रक्त लवकर गोठायचा दोष कधी कधी पिढीतून येतो. कुणाकडून आला ते कळलं, तर हिच्या धाकट्या बहिणीलाही आधीच जपता येईल."

राखीने मान खाली घातली. आता माहेरचा उद्धार होणार, हे तिला ठाऊक होतं.

पंचफुलाबाईंनी आसपास पुरुषमाणूस नाही असं बघून लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत उचलला. डावी पोटरी उजवीच्या दीडपट, घोट्याजवळची कातडी काळीजांभळी. नवऱ्यालाही त्यांनी ती कधी धड पाहू दिली नव्हती.

"हिच्या बापाच्या, राजूच्या बाळंतपनातलं हाय. वारं लागलं म्हनत सारे. गावाचे पाय बसवले बाई मी, हा नाई बसला."

डॉक्टरीणबाई वाकल्या. "बरं झालं दाखवलंत. तुमचं, राजूचं, धाकटीचं, सगळ्यांचं रक्त तपासू. निकिताने औषध नीट घेतलं, तर ती शाळेत पळेलसुद्धा."

"पळंल ना?"

"पळेल."

त्या काठ खाली सोडायला गेल्या, तोच राखीने खाटेखालचं स्टूल ओढलं, आपली शाल घडी करून त्यावर ठेवली.

"राहू द्या, आत्याबाई. पाय वर घ्या."

निकिताचा पाय उशीवर होता. पंचफुलाबाईंनी आपला स्टुलावर ठेवला, आणि झाकला नाही.