आत्याच्या घेवड्याचे तीन पट्टे

मी एक जुनी जेलची पेटी आहे. प्रयोगशाळेत राहते, पारदर्शक प्लास्टिकची आहे आणि वयाच्या मानाने बरी दिसते. माझ्या पोटात जेल नावाचा लुसलुशीत थर घालतात. त्याच्या खाचांत पिकांच्या डीएनएचे थेंब निळा रंग मिसळून सोडतात आणि वीज चालू करतात. मग डीएनएचे तुकडे काळ्या तारेकडून लाल तारेकडे धावत सुटतात. लहान पुढे, मोठे मागे. दिव्याखाली त्यांचे पट्टे दिसतात आणि कोणते वाण वेगळे, ते कळते. मित्रांनो, शेकडो वाणांची ओळख मी पटवून दिली आहे. तेव्हा माझे कोण कौतुक होते!

पुढे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. चार वर्षे धूळ खात पडले. मग ऐन पेरणीच्या तोंडावर ते यंत्र बिघडले आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईंनी मला खाली उतरवून पुसले. बियाणे-भांडारात घेवड्याच्या दोन बरण्या होत्या. दोन्हींतले दाणे तपकिरी, ठिपक्यांचे.

"दोन्ही एकच आहेत. वाफाही एकच उरलाय. एकच पेरा," भांडाराचे साहेब म्हणाले होते. दुपारी ते पेरणीची यादी पक्की करणार होते.

दुसरी बरणी ताईंच्या आत्यांनी दिलेली. त्यातले दाणे इतके जुने झाले होते, की यंदा पेरले नाहीत तर ते वाण संपलेच. आत्या आता तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्याकडे हातभरही माती नव्हती.

त्या दिवशी आत्या स्वतःच येऊन बसल्या. ताईंनी थेंब सोडले, पण माझ्या तारांचे रंग उडालेले! घाईत त्या उलट्या जोडल्या गेल्या आणि डीएनए मागे पळू लागला. थोड्या वेळाने तो जेलबाहेर पडून पाण्यात मिसळला असता. माझा जीव टांगणीला लागला, पण मी बोलणार कशी?

"अगं, ते निळे ठिपके मागे का चाललेत?" आत्यांनी विचारले.

"अगं बाई!" म्हणत ताईंनी झटकन वीज बंद केली, तारा बदलल्या. ठिपके मुकाट्याने वळले.

तासाभराने दिव्याखाली एका घेवड्याचे दोन पट्टे उमटले आणि आत्यांच्या घेवड्याचे चक्क तीन! माझा आनंद पोटात मावेना. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"वेगळाच आहे की हो! वाफा निम्मा-निम्मा करा."

"चाळीस वर्षं सांगतेय, माझा घेवडा लवकर शिजतो," आत्या म्हणाल्या. "पण ऐकतं कोण?"

मित्रांनो, सारखे दिसते म्हणून काही टाकायला निघालात, तर आधी ते पेरणाऱ्याला विचारा. तरीही खात्री पटली नाही, तर माझ्याकडे या. मी तयारच आहे. फक्त येताना एक फडके आणा.