आधी रिकामा हुंगा

मी एक जुना काचेचा पेला आहे आणि मित्रांनो, मी पार वैतागलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्याने शांत सुरात सुरुवात करावी, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्या पोटात रोज कोणी ना कोणी नाक खुपसतं आणि ज्याचं म्हणणं मात्र कोणी ऐकून घेत नाही, त्याने किती शांत राहायचं?

मला एका काचकाम करणाऱ्याने फुंकून घडवलं. त्याने माझं पोट रुंद केलं आणि गळा अरुंद. त्याची बायको म्हणाली, "हा कसला पेला? पाणी प्यायला गेलं तर नाकच अडकेल की!" तो म्हणाला, "अडकू दे. हा पिण्यासाठी नाही, हुंगण्यासाठी आहे." वास पोटात साठावा आणि गळ्याशी एकवटावा, एवढ्यासाठी मी असा आहे.

मी ज्या कचेरीत आलो, तिथे दूरवरून स्कॉच व्हिस्कीचे नमुने येत. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली. तीही एका पिंपातली एक तर दुसऱ्यातली दुसरी, कारण लाकूड वेगळं, मुरण्याची वर्षं वेगळी. छोट्या बाटल्यांतले नमुने हुंगून कोणतं पिंप घ्यायचं ते इथे ठरवतात. मित्रांनो, हे मोठ्यांचं काम आहे आणि त्यातही पिणं जवळपास नाहीच. जिभेवर थेंबभर घेतात आणि बादलीत थुंकतात. तेव्हा माझी गोष्ट ऐकून कोणी घरातली कपाटं उघडायला जाऊ नका. आधीच सांगून ठेवतो.

या कामात मी काय काय सोसलं! पाहुणे यायचे, रंग गडद दिसला की "वा, भारी!" म्हणायचे. अहो, रंगाला काय हुंगायचंय? कोणी नाक थेट तळापर्यंत घालायचा आणि ठसका लागला की माझ्याकडे रागाने बघायचा. पुढे तर कोणीतरी माझ्यात टाचण्या ठेवल्या. दोन वर्षं मी टाचण्यांचा डबा होतो, मित्रांनो. दोन वर्षं!

तिथून मला काकांनी सोडवलं. काका म्हणजे कचेरीतले सगळ्यात जुने पारखी. नव्या लागलेल्या ताईच्या हातात मला देत ते म्हणाले, "पोरी, हा तुझा. आणि एक लक्षात ठेव. काही ओतायच्या आधी रिकामा पेला हुंगायचा. त्याला वास असेल तर पुढचं सगळं खोटं."

ताईने हे मनावर घेतलं. ती फार जपून वागणारी. हाताला अत्तर नाही, केसाला सुवासिक तेल नाही. बाळ होणार म्हटल्यावर ती मला घरीच घेऊन गेली. बाळाला पाजत होती तोवर व्हिस्कीचा थेंबही तिने जिभेला लावला नाही. पण माझ्यात कधी लवंग, कधी सफरचंदाची साल, कधी ओला भुसा टाकून डोळे मिटून हुंगत बसायची. मांडीवर पिल्लू, हातात मी. नाक गंजू नये म्हणून. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

आणि मग कामावर परत जायचा आदला दिवस उजाडला. तिच्या नवऱ्याने प्रेमाने सगळी भांडी घासायला घेतली. त्यांच्यात मीही होतो. लिंबाच्या वासाच्या साबणाने त्याने मला आतून बाहेरून चोळलं, अर्धवट विसळलं आणि फळीवर पालथं घातलं. "बघ, तुझा पेला कसा लखलखतोय!" पालथं! रात्रभर तो लिंबू माझ्या पोटात कोंडून राहिला. पेला उताणा ठेवायचा असतो हो, उताणा! पण माझ्या तोंडाला नुसता काठ आहे, जीभ नाही.

सकाळी पिल्लाचं अंग किंचित कोमट लागत होतं. ताईने तीनदा ताप मोजला, मला दुपट्यात गुंडाळून पिशवीत टाकलं, पिल्लाला पाळणाघरात सोडलं आणि कचेरी गाठली. टेबलावर सहा नमुने, सहा पेले. पाच कपाटातले, सहावा मी. मी चौथ्या बाटलीपुढे उभा राहिलो. ताईने मला उचललं, ती नाकाशी नेऊ लागली आणि तेवढ्यात फोन वाजला. पाळणाघरातून.

"ताप नाही ना? पक्कं? हात लावून बघा ना पुन्हा."

फोन ठेवला आणि तिने ओतलं. सरळ ओतलं. मी मनातल्या मनात ओरडलो, अगं, आधी मला हुंग!

समोर काका आणि साहेब बसले होते. वास खुलावा म्हणून ताईने पाण्याचे दोन थेंब घातले, हुंगलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "चौथा नको. याला साबणाचा वास येतोय."

काकांनी मला हातात घेतलं. आता सुटलो, असं मला वाटलं. या नाकाने माझ्यात हुंगून कितीतरी पिंपं निवडली होती. काकांनी मोठा श्वास घेतला. "साबण? छे. मध आहे, भिजलेलं लाकूड आहे, शेवटाला धूर. उत्तम माल."

मित्रांनो, नमुन्यांबरोबर आलेल्या कागदावर नेमकं हेच छापलेलं होतं. मध, भिजलेलं लाकूड, धूर. माझ्यातून लिंबू नुसता ओरडत होता आणि हे गृहस्थ कागद वाचत होते!

साहेबांनी घसा साफ केला. "ताई, बाळंतपणानंतर होतं म्हणे असं कुणाकुणाला. मनाला लावून घेऊ नका. चौथ्याचं जेवणापर्यंत ठरवा आणि सांगा. नाहीच जमलं, तर पत्रव्यवहाराच्या टेबलावर जागा आहे."

एकटी उरल्यावर ताईने आपली मनगटं हुंगली, पदर हुंगला, उरलेले पाचही पेले हुंगले. ते स्वच्छ. मग पुन्हा मी. पुन्हा साबण. "खरंच गेलं की काय माझं नाक?" ती पुटपुटली. अगं बाई, मला ओतून रिकामा कर आणि मग हुंग! पण नाही. ती बाटलीलाच दोष देत बसली आणि बाटलीत खोट सापडेना तर स्वतःला.

दुपारी पेले धुणाऱ्या मावशी ट्रे घेऊन आल्या. धुण्याआधी प्रत्येक पेला हुंगायची त्यांना सवय. माझ्यातलं बादलीत ओतून त्यांनी मला नाकाशी नेलं आणि मान झटकली.

"अगं बाई! याला कुणी न्हाऊ घातलं? लिंबाचा साबण, तोही घरचा. माझ्या मोरीत असलं काही येत नाही हो!"

ताई उठूनच उभी राहिली. "मावशी, काय म्हणालात?"

"रिकामा हुंग की. शिकवलंय ना तुला?"

ताईने हुंगलं. आधी तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, केवढं तरी मोठं. मग ते तसंच विरलं. "मावशी, हाच पेला सकाळी काकांनी हुंगला."

मावशींचे हात थांबले. त्यांनी दाराकडे बघितलं. "परवा दूध नासलं होतं. मी म्हटलं, टाकून देते. तर तोवर काका ते चहात घालून प्यालेसुद्धा. कुणाला सांगू नकोस."

आता ताईची पंचाईत झाली. साहेबांना खरं सांगावं, तर तिचं नाक शाबूत ठरत होतं आणि काकांचं उघडं पडत होतं. गप्प राहावं, तर पत्रव्यवहाराचं टेबल. मला घेऊन ती काकांच्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

"काका, चूक माझी. घरून आणलेला पेला रिकामा हुंगला नाही." तिने मला पुढे केलं. "तुम्ही हुंगा."

काकांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मला टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"कसला वास आहे, ते तूच सांग, पोरी."

"लिंबाचा. साबणाचा."

"मोठी सर्दी झाली, तेव्हा माझं नाक गेलं ते परतलंच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत सहा महिने काढले. आणि सकाळी तुझ्यावर ढकललं. लाज वाटते."

सहा महिने! माणसाला बोलता येतं आणि तो बोलत नाही. मला बोलायचं असतं आणि येत नाही. सांगा, वैतागू नको तर काय करू?

काका तिथे थांबले मात्र नाहीत. उठून साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. "साहेब, पोरीचं नाक चोख आहे. गेलंय ते माझं. यापुढे निवड तिने करायची. मी नोंदी लिहीन. मला ठेवायचं तर ठेवा."

साहेब म्हणाले, "मग चौथ्याचं काय ठरलं?" असे हे साहेब!

मावशींनी मला नुसत्या कढत पाण्याने धुतलं, वाळवलं, उताणं ठेवलं. मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. भरलेल्याला नावं ठेवण्याआधी पेला तपासा. आणि एखादी गोष्ट आपल्याला कळेनाशी झाली असेल, तर ती सहा महिने दडवू नका. दुसऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

जेवणानंतर ताईने पाळणाघरात फोन केला. पिल्लू झोपलं होतं. मग ती आणि काका टेबलाशी बसले. चौथी बाटली समोर, वही काकांपुढे. ताईने मला उचललं, हुंगलं आणि काकांकडे दिलं. काकांनीही सवयीने हुंगलं.

"कसला येतोय?" त्यांनी विचारलं.

"कसलाच नाही."

"मलाही," काका म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. "मग ओत. आणि सावकाश सांग, मला सगळं ऐकायचंय."