गुलाबी पाझर

बोडीटोल्याच्या तलावाची पाळ मातीची आणि आपल्या भूमिकेचं डोकं दगडाचं, असं सुलोचनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. लेकीचं कौतुक करायची त्यांची हीच रीत होती.

भूमिका बारा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात ती पोहत पोहत तलावाच्या मध्यापर्यंत गेली आणि दम लागला म्हणून परतली. तेव्हापासून पैलतीर तिच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. यंदा एप्रिल लागला, शाळा सकाळची झाली, पाणी अंगाला गोड वाटू लागलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ईश्वरदासकाकाजींना पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली.

ईश्वरदासकाकाजी पाणीवाटप समितीचे अध्यक्ष. त्यांचं वावर पाळीला अगदी लागून, खालच्या अंगाला. त्यांनी भर चौकात आवाज चढवला.

"पोट्ट्यायनं पाळ फोडली! खताच्या चुंगड्यावर बसून घसरून राहिले, वरून तलावात उड्या! उद्या पाळ गेली तं सारं गाव पान्यात. तारेचं कुंपन करा न पोहनंच बंद करून टाका!"

यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तर पंचाईत. भूमिका आणि तिची मैत्रीण रिंकू यांनी पाळीच्या कोरड्या उतारावर चुंगड्यांची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, घसरगुंडी करून गवत पार उडवलं होतं. तिथे लालसर माती उघडी पडली होती, कोणी पाळीची हजामत करावी तशी. ओल बरोबर त्याच्याच खाली होती. बुधवारी सभा ठरली. तालुक्याहून इंजिनियरसाहेब येणार होते.

भूमिका सरळ बिसरामआबाजींकडे गेली. आबाजींनी चाळीस वर्षं या तलावाची तोटी, म्हणजे पाणी सोडायची झडप, सांभाळली होती. ते खाटेची दोरी ओढून घट्ट करत होते.

"आबाजी, आमच्यानं पाळ फुटते का?"

आबाजींनी घरातून स्टीलचा पेला घेतला आणि तिला ओलीपाशी नेलं. "भर."

तिने तळाशी साचलेलं पाणी भरलं.

"काय दिसते?"

"पानी."

"ठेव थोडा वेळ. आता?"

पेल्याच्या बुडाशी मातीचा पातळ थर बसला होता.

"हे पाह्य पोरी," आबाजी म्हणाले. "मातीची पाळ थोडी पाझरतेच. मानसाले घाम येते तसा. निर्मळ पानी आलं तं भ्यायचं नाई. पन हे माती घेऊन येऊन राहिलं. म्हंजे पानी पाळीले आतून खाऊन राहिलं."

"मंग आमची घसरगुंडी?"

"तुमी वरची कातडी सोलली. ते चूकच. पाऊस आला की तिथून माती धुऊन जाईन. पन हे आतलं दुखनं होय. पानी इकडून निंगते, तं तिकडून कुठून तरी शिरत असन. शोध."

शोध म्हटल्यावर भूमिकेला दुसरं काय हवं होतं? मंगळवारी दुपारी दोघी पाण्याच्या बाजूने निघाल्या. बेशरमाच्या झुडपांजवळ एक वाळलं पान पाण्यावर गोल गोल फिरत होतं. फिरता फिरता ते बुडालं आणि वर आलंच नाही. रिंकूने दुसरं टाकलं, तेही गेलं.

"इथूनच!" भूमिका म्हणाली.

"पन मानन कोन? आपन तं गुन्हेगार होवो ना."

भूमिका विचार करत नखं खाऊ लागली. नखांच्या कडांना अजून गुलाबी रंग होता, धुळवडीचा. महिना होत आला तरी गेला नव्हता. तिने नखाकडे पाहिलं, मग रिंकूकडे पाहिलं, आणि रिंकूला ती नजर ओळखीची होती. "नाई हं भूमिके," ती म्हणाली, पण पाय तिचे घराकडे वळलेही होते.

रिंकूच्या भावाच्या पेटीत पक्क्या रंगाच्या दोन डब्या उरल्या होत्या. दोघींनी दोन्ही डब्या एका फडक्यात बांधल्या, फडकं लांब बांबूच्या टोकाला लावलं आणि काठावरूनच त्या भोवऱ्यात धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याची ओल गुलाबी झाली होती. तिथून गुलाबी ओघळ निघाला होता, आणि ईश्वरदासकाकाजींच्या उन्हाळी धानातलं पाणी सरबतासारखं दिसत होतं. त्यात दोन बगळे फार विचारात पडून उभे होते.

दोघी नाचायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मागून आबाजींनी कान धरला. आधी भूमिकेचा, मग रिंकूचा.

"हे पानी ढोरं पितात. मले पुसायचं नाई?"

"तुमीच म्हनलं, शोध."

"शोध म्हनलं, रंगव नाई म्हनलं." आबाजी रागावले होते, पण गुलाबी वावराकडे बराच वेळ पाहत राहिले. "इतकं पानी खेकड्याच्या बिळातून नाई येत," ते पुटपुटले. मग म्हणाले, "सभेत सारं खरं सांगायचं. रंगाचं बी."

समाजमंदिरात सतरंजी टाकली होती. चपला बाहेर. सगळे अनवाणी बसले, फक्त ईश्वरदासकाकाजी पांढरे मोजे घालून आले. भर एप्रिलात, बेचाळीस अंशांत, मोजे! त्यावर त्यांच्या लेकाच्या शाळेच्या दोन निळ्या पट्ट्याही होत्या.

"काकाजी, मोजे काऊन?" सरपंच रुख्माबाईंनी विचारलं.

"सर्दी झाली, बाई. पायातून थंडी चढते."

मग ते बोलायला उभे राहिले. पोट्टे कसे बिघडले, पाळ किती जुनी, मोबाईलने काय काय केलं. त्यातच वीज गेली आणि पंखा थांबला. सगळे घामाघूम झाले. काकाजींच्या उजव्या मोज्याच्या अंगठ्यावर एक गुलाबी ठिपका उगवला. हळूहळू तो रुपयाएवढा झाला, मग पुरीएवढा. डाव्या पायानेही मागे राहायचं नाही असं ठरवलं. रिंकूने भूमिकेला इतका जोरात चिमटा काढला की ती ओरडता ओरडता राहिली.

"काकाजी," रुख्माबाई म्हणाल्या, "तुमचे पाय पाझरून राहिले."

सभा फुटली हसून. काकाजी खाली बघून बसले आणि पाय मांडीखाली घेतले. "साळ्याकडे... धुळवड खेळलो होतो."

"महिना झाला धुळवडीले!" मागून कोणीतरी ओरडलं.

भूमिका उभी राहिली. "रंग मीनं टाकला. तलावात भोवरा आहे, तिथं. तो पाळीखालून काकाजीच्या वावरात निंगला. आमी घसरगुंडी केली, ते खरं. पन भोक आमचं नोहे."

सुलोचनाबाईंनी डोळे वटारले. इंजिनियरसाहेब मात्र पुढे सरकले. "भोवरा कुठे आहे?"

भूमिकेच्या मनात एकदम पैलतीर आलं. "सांगतो. पन आधी लिहून द्या, पोहनं बंद नाई करनार म्हनून."

"भूमिके!" आबाजी खाकरले.

"पोट्टी सौदा करते का सभेत?" ईश्वरदासकाकाजी ताडकन उठले. हिला काही मिळू द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. "साहेब, काई देऊ नका तिले! मी सांगतो ना. बेशरमाच्या झुडपापासून चार हात उजवीकडे!"

सभेतल्या साऱ्या माना काकाजींकडे वळल्या.

"तुमाले कसं मालूम, काकाजी?" रुख्माबाईंनी हळूच विचारलं.

काकाजींनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. छत काही मदतीला येईना. "मंडईच्या जत्रेच्या दिवशी सारं गाव नाटकाले गेलं होतं. तवा पाळ खोदून एक पाईप टाकला. चारच इंची आहे, बापा. तोटी बी लावली. आज सकाळी तेच बंद कराले गेलो न पाय रंगले."

"तोटी पाईपला लावलीत," साहेब म्हणाले, "पण पाईपच्या भोवतीची माती ठोकली नाहीत. पाणी पाईपच्या बाहेरून वाट काढतंय. आणखी एक पावसाळा गेला असता, तर पाळ गेली असती."

आता कोणी हसत नव्हतं. सगळ्यांची घरं पाळीखालीच होती.

साहेबांनी निकाल दिला. तलावाचं पाणी हळूहळू उन्हाळी धानाला वाटून टाकायचं, पाणी उतरलं की पाईप उपटायचा, खड्डा थराथराने ठोकून भरायचा. पाईप काकाजींचा, म्हणून खर्चही काकाजींचा. घसरगुंडीची चरी पोरांनी बुजवायची.

"मंग यंदा पोहनं?" भूमिकेने विचारलं.

"यंदा चिखल," साहेब म्हणाले.

"आपनच आपला तलाव रिकामा केला व," रिंकू कुजबुजली. भूमिकेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरं सांगून एवढं नुकसान होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रुख्माबाईंनी ते पाहिलं. "ग्रामसेवक, लिहा. पाळ सोडून, खडकाच्या बाजूले, पोरायसाठी पोहायचा घाट. पाळीवर कोनी घसरायचं नाई, घाटावर कोनी अडवायचं नाई."

ग्रामसेवक लिहू लागले. भूमिका डोळे पुसत त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "'बांधण्याचा विचार करावा' नाई," ती म्हणाली. "'बांधावा' लिहा." त्यांनी खोडून लिहिलं.

मे महिन्यात पाईप निघाला. पोरांनी चरीत माती भरली, गवताचे गड्डे लावले आणि संध्याकाळी कळशीने पाणी घातलं. खड्ड्यावर ईश्वरदासकाकाजी स्वतः धुमस घेऊन माती ठोकत होते. भूमिका शेजारी उकिडवी बसून कान लावून ऐकत होती.

"काकाजी, इथं पोकळ वाजते. अजून दोन ठोके."

"तू इंजिनियर झाली का व?"

"अजून नाई. ठोका."

काकाजी कुरकुरले आणि चार ठोके दिले.