पातळ जागेवरचा फुगा

चाळिशी आली की नळी खाली ठेवायची, असा त्या काच फुंकणाऱ्या घराचा दंडक होता. आजोबा चाळिशी उलटताच भट्टीसमोर कोसळले, पुढे बाबाही तसेच गेले. दोघांच्याही मेंदूत रक्तस्राव झालेला. फुंकून फुंकून शीर फुटली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि आईने धाकट्या मुलाकडून तशी शपथच घेतली. आता त्याच्या चाळिशीला तीन आठवडे उरले होते. प्रयोगशाळेचे चंबू त्याच्याइतके एकसारखे फुंकणारा दुसरा कारागीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर फुंकण्यावाचून त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

शेजारच्या खोलीत त्याची थोरली बहीण ते चंबू कागदात गुंडाळून खोक्यात भरायची. ताई जिभेने फटकळ, पण घरातलं सगळं डोकं तिच्याच वाट्याला आलेलं. एके दुपारी ती गुंडाळता गुंडाळता थांबली.

"काय रे, आत्याने कधी नळीला तोंड लावलं होतं?"

"आत्याने? ती तर धगीला घाबरून दारातूनच परत जायची."

"मग वेणी घालता घालता तिच्याही मेंदूत रक्तस्राव कशाने झाला?"

आत्यासाठी सगळे रडले होते, पण एवढा साधा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

ताईने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "नळीला कशाला बोल लावता? एका रक्ताची तीन माणसं अशी गेली, म्हणजे हे वारशाने येत असावं. मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी पातळ असते, तिथे फुगा येतो, तो फुटतो. आधी सापडला तर बंद करता येतो. भावंडांनी तपासून घ्या."

ताईला हे धाकट्याला दोनदा सांगावं लागलं नाही. पातळ जागेवर आलेला फुगा त्याने हजारदा पाहिला होता. तसला चंबू तो सरळ भट्टीत परत टाकायचा.

"मला नाही जाणून घ्यायचं. नळी ठेवतो, विषय संपला."

"नळी न धरता आत्या वाचली का? बस तू घाबरून. आधी मी जाते."

फुगा ताईच्या डोक्यात निघाला.

डॉक्टरांनी डोकं उघडून फुग्याच्या मुळाशी बारीक चिमटा लावला आणि तो बंद केला. दीड महिन्याने ती अर्धं डोकं भादरलेलं तसंच मिरवत कामावर हजर झाली, पदर घ्यायचंही नाव नाही. धाकट्याची नळी तोवर भिंतीला टेकून धूळ खात होती. ही बाई कुठल्या मातीची आहे, असं त्याला वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

"उद्या तुझी पाळी," ती म्हणाली. तो मुकाट्याने गेला.

तपासणीच्या खोलीबाहेर ताई त्याचं घड्याळ आणि अंगठी मुठीत धरून बसली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सध्या काही नाही. रक्तदाब सांभाळा, काही वर्षांनी पुन्हा बघू. नळी खुशाल फुंका."

धाकट्याला हुंदका आवरेना. "ताई, माझ्या वाटणीचं तुझ्या वाट्याला आलं गं."

"लहानपणापासून तुझ्या ताटातलं नावडतं मीच संपवत आले, त्यात नवीन काय?" तिने घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं. "चल, माझी खोकी रिकामी पडलीत."